न बदलणाऱ्या गोष्टींचे तर्कशास्त्र



दिल्लीहून पूर्वेकडे निघालेली गाडी यमुना आणि हिंडन या नद्या ओलांडून गाझियाबाद जंक्शनात शिरते. तेथे लोहमार्गाला फाटे फुटतात : एक अलीगढवरून कानपूरकडे, दुसरा मुरादाबादकडे, तिसरा मेरठकडे. कोणती गाडी कोणत्या वाटेने जावयाची, हे रुळांचा सांधा ठरवितो. सांधा फिरविणे ही एक क्रिया. तिच्यामुळे जगाच्या स्थितीत पालट होतो. ही साधी गोष्ट यंत्राला तर्काच्या भाषेत समजावून सांगू लागलो, म्हणजे किती बिकट होते, ते आज पाहू.

'जेथे धूर तेथे अग्नी' या नियमाला घड्याळाची गरज नाही. पण 'सांधा मेरठकडे आहे' हे विधान सकाळी खरे आणि दुपारी खोटे असू शकते. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव रूढ करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६३ साली यावर एक तोड सुचविली. प्रत्येक विधानाला एका स्थितीची जोड द्यावयाची, आणि क्रिया म्हणजे एका स्थितीतून पुढच्या स्थितीत नेणारी पायरी मानावयाची. या पद्धतीला आपण स्थितिगणित म्हणू.

येथवर सारे सुरळीत वाटते. परंतु सांधा फिरविल्यानंतर फलाटावर उभी असलेली गाडी तेथेच राहिली काय? दुसरा सांधा जागचा हलला नाही ना? आपण हसून म्हणू, 'अर्थात!' यंत्राला मात्र हे 'अर्थात' ठाऊक नसते. जे सांगितले नाही, ते त्याला सिद्ध करता येत नाही. शंभर गोष्टी आणि वीस क्रिया असतील, तर 'या क्रियेने ही गोष्ट बदलत नाही' अशी जवळजवळ दोन हजार विधाने लिहावी लागतील. १९६९ साली मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी या अडचणीला 'चौकटीचा प्रश्न' असे नाव दिले.

'बदल शक्य तितके थोडे माना' असा सर्वसाधारण नियम केला तर? १९८६ साली हँक्स आणि मॅक्डरमॉट या येल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी त्यातील उणीव दाखविली. बंदूक भरली, क्षणभर थांबलो, मग गोळी झाडली. तर समोरचा माणूस मरणार, हे उघड आहे. पण थांबलो असतानाच बंदूक आपोआप रिकामी झाली आणि माणूस वाचला, हा निष्कर्षही त्या नियमात तितकाच बसत होता!

१९९१ साली टोरांटोचे रेमंड रायटर यांनी एक सुटसुटीत मार्ग मांडला. प्रत्येक गोष्टीमागे एकच नियम असावा. सांधा आता मेरठकडे आहे तो केव्हा? नुकत्याच झालेल्या क्रियेने तो तिकडे फिरविला असेल तर. किंवा तो आधीच तिकडे होता आणि त्या क्रियेने त्याला अन्यत्र वळविले नसेल तर. दोन हजार विधानांचे काम अशा शंभर नियमांत भागते.

मात्र या सोयीच्या मुळाशी एक गृहीत आहे : बदल घडवू शकणारी प्रत्येक क्रिया आपल्या यादीत आली आहे. ते खोटे ठरले तर काय होते? २ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला. प्रत्यक्षात सांधा बाजूच्या मार्गाकडे होता, आणि त्या मार्गावर मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. सिग्नलच्या जोडण्यांत केलेल्या फेरफारातील चुकांकडे चौकशीने बोट दाखविले. जग बदलले होते. यंत्राच्या नोंदीला त्याचा पत्ता नव्हता.

रेल्वेच्या जुन्या शहाणपणाचे मोल अशा वेळी कळते. रुळांतून सौम्य विद्युत्प्रवाह खेळविलेला असतो. गाडी आली की तिच्या चाकांमुळे तो पुढे पोहोचत नाही, आणि मार्ग व्यापलेला आहे असे समजते. पण तार तुटली, रूळ भंगला, तरीही प्रवाह थांबतो आणि सिग्नल तांबडाच राहतो. तेथे मौनाचा अर्थ 'सारे पूर्ववत आहे' असा कधीच घेतला जात नाही. मौन म्हणजे धोका.

विचार करणाऱ्या यंत्राला दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतील : बहुतेक जग जागच्या जागी राहते असे धरून चालणे, आणि जेथे माणसांचे प्राण पणाला लागलेले असतात तेथे तसे धरून न चालणे. पहिलीसाठी तर्कशास्त्राला सुमारे तीस वर्षे खपावे लागले. दुसरीची जबाबदारी मात्र यंत्राकडे सोपवून मोकळे होता येणार नाही. ती आपलीच आहे.