मशीन 'बीप' करतं तेव्हा...

मेसची फी, गॅदरिंगची वर्गणी, फेस्टमधल्या स्टॉलचा गल्ला... यूपीआय आलं तरी रोख पैसे काही संपलेले नाहीत. रोख म्हटली की मोजणारा आलाच, आणि त्यात खोटी नोट निघाली की पदरचे पैसे भरणाराही बहुधा तोच! कारण बँकेत खोटी नोट गेली तर तिचे पैसे जमा होत नाहीत आणि नोटही परत मिळत नाही. म्हणून मित्रांनो, काउंटरवरचं ते नोटा मोजायचं मशीन नीट समजून घेऊया.

आत नक्की काय होतं?
वरच्या खोक्यात, म्हणजे हॉपरमध्ये, गड्डी ठेवली की रबरी रोलर एकेक नोट आत ओढतो. दोन नोटा एकदम जाऊ नयेत म्हणून रोलरसमोर बारीक फट असते. फट जास्त झाली तर दोन नोटा चिकटून जातात, कमी झाली तर नोट अडकते. पुढे सेन्सर नोटेतून आरपार जाणारा प्रकाश बघतो. प्रकाश फारच कमी आला, तर 'डबल नोट' म्हणून मशीन थांबतं. साधं मशीनही मिनिटाला सुमारे १००० नोटा मोजतं!

वापरायचं कसं?
१) मशीन खिडकीच्या उन्हात ठेवू नका, सेन्सर फसतो.
२) रबर, पिना काढा, घड्या सरळ करा, चिकटपट्टीवाल्या नोटा बाजूला ठेवा.
३) नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या करा. बरीच साधी मशीन फक्त 'किती नोटा' ते सांगतात, 'किती रुपये' ते नाही. ५०० च्या गड्डीत १०० ची नोट शिरली तर ती सुद्धा 'एक'च धरली जाऊ शकते.
४) गड्डी जरा फुलवून हॉपरमध्ये सरळ ठेवा.
५) यूव्ही आणि एमजी ही दोन्ही बटणं चालू ठेवा. शंभर-शंभरच्या गड्ड्या करायच्या असतील तर बॅच १०० लावा.
६) काम झालं की ब्रशने धूळ झाडा. खोटे 'बीप' बरेचदा नोटांच्या धुळीमुळेच येतात.

खोटी नोट कशी कळते?
आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात तो स्वतः चमकत नाही, पण नंबर आणि सुरक्षा धागा चमकतो. बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र कागदात चमक आणणारी रसायनं असतात, म्हणून तो निळसर उजळतो आणि यूव्ही सेन्सर ओरडतो. एमजी म्हणजे मॅग्नेटिक. हा सेन्सर धाग्यातला चुंबकीय सिग्नल शोधतो.

आता गंमत बघा. जीन्सच्या खिशात राहून धुतली गेलेली खरी नोट डिटर्जंटमुळे चमकते आणि मशीन तिला खोटी म्हणतं! उलट, न चमकणाऱ्या कागदावर छापलेली नोट यूव्हीमधून आरामात निसटू शकते. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. म्हणूनच एका सेन्सरवर विसंबायचं नाही.

बीप झाल्यावर
साधारणपणे खालच्या ट्रेमध्ये शेवटी पडलेली नोट संशयित असते. ती तशीच बाजूला काढा आणि उरलेल्या नोटा रीसेट करून पुन्हा मोजा. संशयित नोट उलटी करून एकदा परत घाला. मग हात आणि डोळे वापरा: ५०० च्या नोटेवर गांधीजींचं वॉटरमार्क, कडेला बोटाला लागणाऱ्या पाच तिरक्या रेषा, आणि तिरपी केली की हिरव्याचा निळा होणारा धागा. हे सगळं असेल, तर कदाचित नोट बिचारी नुसती धुतलेली असेल!

तरी शंका राहिली तर नोट देणाऱ्याच्या देखत सांगा आणि ती घेऊ नका. पण कुणावर लगेच आरोपही करू नका, त्यालाही ती दुसऱ्याकडूनच मिळालेली असू शकते. आधीच घेतली असेल तर बँकेत दाखवा. बँक ती खोटी ठरली तर शिक्का मारून जप्त करते आणि पावती देते, ती पावती मागून घ्या. एका व्यवहारात पाच किंवा जास्त खोट्या नोटा निघाल्या तर पोलिसांत एफआयआर होतो. आणि 'जाऊ दे, टपरीवर खपवू' हा विचार तर मुळीच नको. खोटी आहे हे माहीत असून नोट पुढे चालवणं गुन्हा आहे. शिवाय दिवसभराच्या चहाच्या धंद्यात ५०० रुपये बुडाले तर त्या टपरीवाल्याने कुणाकडे बघायचं?

मशीन शंका घेतं, निर्णय नाही. निर्णय माणसानेच घ्यायचा असतो, नाही का?