कंबर वर, ऊन मागे: जुन्या धाटणीचा गाऊन फोटोत का फसतो?
इंग्लंडच्या बाथ शहरात दर सप्टेंबरमध्ये जेन ऑस्टेन महोत्सव भरतो. अनेक जण १८०० च्या सुमाराचे पोशाख घरी शिवून येतात. फोटोला सिडनी गार्डन्स ही १७९५ ची बाग आहेच.

खरी मेख कमरेत आहे. त्या काळच्या गाऊनची कंबर छातीच्या लगेच खाली येते. ती दोन इंच उतरली, तर फोटोत साधा मॅक्सी दिसतो. म्हणून आधी कच्चा टाका घालून मोबाइलवर फोटो पाहा, मगच पक्की शिलाई. उरलेले कापड कापू नका, आत माया ठेवा. कात्री लागली की हातशिलाईचे कित्येक दिवस गेले.

पांढरी मलमल (तेव्हा बरीचशी बंगालमधूनच जायची) भर उन्हात पांढरीफटक दिसते, चुण्या हरवतात. सावलीत उभे राहा, स्क्रीनवर गाऊनला बोट लावून उजेड कमी करा. हिरवळीवर बसलात, तर घेरावर हिरवट झाक येईल.