पापणीपुरता आजार शरीरभर पसरेल का? ‘मायस्थेनिया’त पहिली दोन वर्षे निर्णायक

पद्मनाभपुर (भिलाई) : सकाळी डोळे नीट उघडतात, दुपारनंतर एक पापणी खाली येऊ लागते आणि संध्याकाळी समोरचा एक दिवा दोन दिसू लागतो. रात्रीच्या झोपेनंतर पुन्हा सारे पूर्ववत होते. थकवा किंवा चष्म्याचा बदललेला नंबर समजून दुर्लक्षिली जाणारी ही लक्षणे ‘ऑक्युलर मायस्थेनिया’ची, म्हणजे डोळ्यांच्या स्नायूंना ग्रासणाऱ्या स्वयंप्रतिकार विकाराची असू शकतात. उष्णतेने हा अशक्तपणा वाढतो, तर झुकलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवल्यास ती काही काळ वर उचलली जाते. त्यामुळे भिलाईसारख्या पोलादनगरीत, भट्टीजवळ किंवा क्रेनवर काम करणाऱ्याने दुहेरी दिसण्याची तक्रार अंगावर काढणे धोक्याचे आहे.

मज्जातंतूचा आदेश ‘ॲसिटिलकोलिन’ या रसायनामार्फत स्नायूपर्यंत पोहोचतो. या विकारात शरीराचीच प्रतिपिंडे ते रसायन स्वीकारणाऱ्या ग्राहींवर हल्ला करतात. हा स्वयंप्रतिकाराचा प्रकार असावा, असे अनुमान जॉन सिम्पसन यांनी 1960 मध्ये मांडले होते. 1973 मध्ये सशांवरील प्रयोगांतून त्याला बळकटी मिळाली.

रुग्णाचा खरा प्रश्न मात्र पुढचा असतो. आज पापणीपुरता असलेला आजार उद्या घसा, हातपाय आणि श्वसनाच्या स्नायूंपर्यंत जाईल का? या विकाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत सुरुवात डोळ्यांपासून होते आणि उपचाराविना त्यांतील निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांत तो पुढे पसरतो. पसरणे बहुधा पहिल्या दोन वर्षांतच घडते. तो काळ आजार डोळ्यांपुरता राहून सरला, तर पुढे तो तेथेच थांबण्याची शक्यता बरीच वाढते.

हे आधी कळावे, यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. रक्तात ॲसिटिलकोलिन-ग्राहीविरोधी प्रतिपिंडे आढळणे ही त्यांतील महत्त्वाची खूण. परंतु केवळ डोळ्यांचा आजार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांत ती सापडतच नाहीत, म्हणून चाचणी ‘निगेटिव्ह’ आली की आजार नाही, असा अर्थ काढणे चूक ठरते. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत गाठ असणे, तसेच हाताच्या स्नायूंच्या विद्युत चाचणीत दोष दिसणे, याही जोखमीच्या खुणा. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी रक्तातील एका सूक्ष्म आरएनएचे वाढलेले प्रमाण अशाच संकेतासाठी तपासले आहे. तरीही एखाद्या विशिष्ट रुग्णाचे भविष्य ठामपणे सांगेल अशी एकही चाचणी आजच्या नेहमीच्या उपचारपद्धतीत नाही.

येथेच उपचाराचा निर्णय अवघड होतो. पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या लक्षणे कमी करतात. आजाराचा प्रसार त्या रोखत नाहीत. स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांत प्रसार कमी दिसल्याच्या जुन्या नोंदी आहेत, मात्र त्या मागे वळून केलेल्या निरीक्षणांच्या आहेत. काटेकोर तुलना करू पाहणाऱ्या ‘एपिटोम’ चाचणीत अखेर अवघे 11 रुग्ण सहभागी झाले. डोळ्यांचे त्रास कमी होण्यास स्टिरॉइडची मदत त्यात दिसली, प्रसाराचा प्रश्न मात्र इतक्या थोड्या रुग्णांवरून सुटणारा नव्हता. मधुमेह किंवा हाडांचा ठिसूळपणा असलेल्या रुग्णासाठी तर हा हिशेब अधिकच नाजूक.

निदान म्हणजे कामकाजाचा शेवट नव्हे. ‘कुली’च्या चित्रीकरणातील 1982 च्या अपघातानंतर काही काळाने अमिताभ बच्चन यांना मायस्थेनिया ग्रेव्हिसचे निदान झाले, त्यानंतरही अनेक दशके ते पडद्यावर काम करीत राहिले.

पहिल्या दोन वर्षांत मज्जातंतुतज्ज्ञांकडे ठरावीक अंतराने तपासणी आवश्यक असते. दुर्ग-भिलाईच्या रुग्णांना त्यासाठी जवळच रायपूरचे ‘एम्स’ आहे. आवाज नाकातून येणे, घास चावताना जबडा थकणे, पाणी पिताना ठसका लागणे हे बदल तत्काळ कळवावेत. श्वास अपुरा पडू लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. इतर आजारांवरील काही औषधेही अशक्तपणा वाढवू शकतात. मलेरियावरील क्लोरोक्विन व क्विनीन, जेंटामायसिन व सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके आणि शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम यांचा त्यात समावेश आहे. त्यामुळे ताप आला म्हणून साध्या दवाखान्यात गेलेल्या रुग्णानेही आपल्या या विकाराची नोंद असलेला कागद आधी डॉक्टरांपुढे ठेवावा.