माहिती चौकट : मुंबईचा हार्डकोअर आवाज, ‘स्क्राइब’

मूळ : १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पंक संगीत आणखी वेगवान, आणखी धारदार झालं, तेच हार्डकोअर. कॅलिफोर्नियाचा ‘ब्लॅक फ्लॅग’, वॉशिंग्टनचे ‘बॅड ब्रेन्स’ आणि ‘मायनर थ्रेट’ हे बँड त्याचे आधारस्तंभ. गाणी छोटी, अनेकदा दोन मिनिटांच्या आत आटोपणारी.

मुंबईत : २००५मध्ये ‘स्क्राइब’ हा बँड उभा राहिला. हार्डकोअरला त्यांनी मेटल संगीताची जोड दिली. गायक विश्वेश कृष्णमूर्ती, बासवर श्रीनिवास सुंदरराजन. श्रीनिवास स्वतंत्र चित्रपटांचे दिग्दर्शकही आहेत.

अल्बम : ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४). तेजा ‘अंदाज अपना अपना’मधला, मोगॅम्बो ‘मिस्टर इंडिया’तला. परदेशातून आलेल्या संगीताला त्यांनी आपल्या मातीतली नावं दिली, हे त्यांचं मोठं देणं.

कसं ऐकावं : ड्रमवर दोन्ही पायांची धडधड सुरू असते, गिटार तिच्यामागे धावते. मग ठेका एकदम निम्म्यावर उतरतो आणि समोरची गर्दी एकाच झोक्यात डोलू लागते. याला ‘ब्रेकडाउन’ म्हणतात.

गावाकडच्या कानांसाठी : वरातीत हलगी अचानक चाल बदलते आणि नाचणाऱ्यांचे पाय आपोआप तिच्यामागे जातात. ते ज्याने अनुभवलं, त्याला हा ठेका परका वाटणार नाही. शब्द कळले नाहीत तरी चालेल; आधी ताल ऐका. आतली तळमळ तिथेच आहे.