‘बघू’ खात्यातल्या जुन्या नोंदी

बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचे एक खाते असते. एखाद्या रकमेचे नेमके काय करायचे हे त्या दिवशी ठरत नसेल, तर ती तात्पुरती या खात्यात टाकायची, पुस्तके जुळवायची आणि घरी जायचे. पुढे ‘तात्पुरती’ या शब्दाचा सर्वांनाच विसर पडतो. तपासणी अधिकारी म्हणून मी ज्या शाखेत जाई, तिथे आधी हे खाते मागवत असे. शाखाधिकारी कसा आहे हे त्याच्या केबिनवरून कळत नाही. सस्पेन्समधल्या नोंदी किती जुन्या आहेत यावरून कळते. अशा जुन्या नोंदींवरून मी कितीतरी शाखाधिकाऱ्यांना घाम फोडला असेल. माझ्या स्वत:च्या घरात मात्र असेच एक खाते वर्षानुवर्षे फुगत होते, याचा मला पत्ता नव्हता. त्या खात्याचे नाव ‘बघू’.

गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात पाय घसरून आमच्या सौ.चे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. मुलगी परगावी, पोळ्यांना बाई येते, पण बाकी सारा कारभार माझ्याकडे आला. निवृत्तीनंतर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या नायिकांनी पुष्कळ स्वयंपाक केला. मी स्वत: चहापलीकडे गेलो नव्हतो.

पहिल्याच दिवशी लक्षात आले, की आमच्या स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू फक्त हिचेच ऐकते. नळ बंद करायचा तर चकती घट्ट पिळून शेवटी डावीकडे रेटायची. गॅसचा डावा बर्नर पेटवताना बटण आत दाबून दहा आकडे मोजायचे. मिक्सरच्या भांड्यावर पूर्ण भार देऊन उभे राहायचे. कुकरची रिंग सैल झालेली, ती आधी दहा मिनिटे बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, मगच शिटी होणार. फ्रिजचे दार लावल्यावर गुडघ्याने एक धक्का द्यायचा. ही खुर्चीवर बसून एकेक युक्ती सांगत होती आणि मी शिकाऊ कारकुनासारखा ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी सिंकखालचे दार उघडले. आत एक जुना टॉवेल घडी करून ठेवलेला आणि त्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा.

‘‘हे कशाला?’’ मी विचारले.

‘‘अहो, पाइप गळतो ना. रात्री निजताना डबा रिकामा करायचा. सांगितलं होतं की तुम्हाला.’’

‘‘कधी?’’

‘‘गेल्या वर्षी, गणपतीच्या आधी.’’

मी काय म्हणालो होतो, हे मी विचारले नाही. मला ठाऊक होते. ‘बघू’ म्हणालो असणार. ज्या सकाळी ती पडली, त्याच्या आदल्या रात्री आमच्याकडे पाहुणे होते आणि डबा रिकामा करायचा राहून गेला होता. तो भरून फरशीवर पाणी आले होते. हे तिने मला कधी बोलून दाखवले नाही. त्या दिवशीही नाही.

संध्याकाळी कागद घेतला आणि तपासणीला बसलो. एकूण चौदा नोंदी निघाल्या. सर्वांत जुनी सात वर्षांची.

माझे बालपण साठच्या दशकातल्या वाड्यात गेले. वडील स्वयंपाकघरात फारसे येत नसत. पण रविवारी सकाळी पंचाचे टोक कमरेला खोचून स्टोव्हसमोर बसत. बर्नरच्या छिद्रात पिन घालून काजळी काढायची, पंपाचा चामडी वायसर सुकला असेल तर त्याला खोबरेल तेलाचे बोट लावायचे, ज्योत निळी आली की उठायचे. दारावर कल्हईवाला आला की आई पितळेची भांडी बाहेर काढी. नवसागराचा धूर नाकात जाई आणि कथलाचा हात फिरला की पातेले आतून चांदीसारखे चमके. दुरुस्तीचेही वेळापत्रक असे, सणावारांसारखे. आमच्या पिढीने नवे विकत घेता येते म्हणून हे वेळापत्रक सोडले. आणि नवे विकत आणेपर्यंतची सारी गैरसोय घरातल्या बाईच्या नावे टाकली.

सुरुवात सिंकपासून केली. पन्हाळी-पन्हाळीचा तो प्लॅस्टिकचा पाइप एका वळीत तडकला होता, आणि वरच्या जोडाचा रबरी वायसर दगडासारखा कडक झाला होता. दोन्ही बदलायला पाऊण तास लागला, त्यातली तीस मिनिटे माझे गुडघे वाकवण्यात गेली. मग नळ. आधी रात्री नऊ ते सकाळी सात असे दहा तास नळाखाली पातेले ठेवले. मोजले तर पावणेदोन लिटर पाणी. म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर आणि वर्षाला पंधराशे लिटरच्या वर. उन्हाळ्यात टँकरसाठी वर्गणी काढणारे आम्ही!

यावरून मला आबिद सुरती आठवले. ‘बहादूर’ या चित्रकथेचे जनक, लेखक आणि चित्रकार. २००७ साली त्यांनी मीरा रोडला एक उपक्रम सुरू केला. रविवारी एका प्लंबरला बरोबर घेऊन इमारतीतल्या घराघरांत जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. वय सत्तरीच्या पुढे. लेखकाने नळाला हात लावू नये असे कुठे आहे? सिंकखालची तोटी बंद केली, पान्याने नळाचा नट सोडवला, आतला झिजलेला वायसर काढून नवा बसवला, आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली. नळाच्या तोंडाची जाळी टँकरच्या पाण्याच्या क्षारांनी बुजली होती. ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली. क्षार आम्लात विरघळतात, हे शाळेत शिकलो होतो. सिंकच्या कडेचा पांढरा थरही व्हिनेगरने भिजवलेले फडके ठेवल्यावर निघाला. तो स्टीलचाच रंग आहे असे मी इतकी वर्षे समजत होतो.

मिक्सर मध्येच बंद पडे. मी ‘मोटर गेली’ असे निदान करून मोकळा झालो होतो. उलटा करून पाहिला तर तळाशी लाल बटण. भार जास्त झाला की ते स्वत:हून बाहेर येते आणि वीजप्रवाह तोडते. मिक्सर थंड होऊ द्यायचा आणि बटण आत दाबायचे. भार का जास्त होतो? भांडे ज्यावर बसते त्या कपलरचे दात झिजले होते आणि भांड्याचे पातेही जाम झाले होते. कपलर बदलला, पात्याला धार लावून तेलाचे दोन थेंब दिले.

फ्रिजची तपासणी शंभराच्या नोटेने केली. नोट दारात धरून दार लावायचे आणि ओढायची. अडकून बसली तर रबर ठीक, अलगद निघाली तर थंडावा बाहेर जातो आहे. आमची नोट वरच्या कोपऱ्यात विनासायास निघाली. रबराच्या खाचेत वर्षांचा मळ होता. कोमट साबणाच्या पाण्याने धुतला, आणि गुडघ्याच्या धक्क्याची गरज संपली. कुकरची रिंग त्याच कंपनीची नवी आणली, सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला. आत पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. अशा भांड्याशी काटकसर करू नये.

शेवटची नोंद मात्र हिच्या यादीत नव्हती. शेगडीमागे पुसताना गॅसची नारिंगी नळी हाती आली. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते. आमच्या नळीची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. टोकाशी वाकवली तर बारीक भेगा दिसल्या. ग्राहकांच्या मुदत ठेवींच्या तारखा मला तोंडपाठ असत. ही तारीख माझ्यापासून चार पावलांवर होती. मी खाली बसलो. मग सिलिंडर बंद केले आणि वितरकाचा माणूस बोलावला. त्याने नळी बदलली, जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिले, डावा बर्नरही साफ केला. रेग्युलेटर आपण उघडू नये. मायक्रोवेव्हही नाही, त्यात प्लग काढल्यावरही धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो. आणि गॅसचा वास आला तर एकही बटण न दाबता, सिलिंडर बंद करून, खिडक्या उघडून, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो.

सगळा खर्च एक हजार दोनशे चाळीस रुपये. तेवढ्यासाठी सात वर्षे.

प्लॅस्टर निघाले, तरी मनगट अजून पूर्ण वळत नाही. ओले फडके पिळताना ती थांबते आणि मला हाक मारते. व्यायाम चालू आहे. सगळे परत येईलच असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. ही नोंद मला कोणत्याही खात्यातून वळती करता येणार नाही.

स्वयंपाकघरात ती पुन्हा उभी राहिली त्या सकाळी डाव्या हाताने तिने सवयीने नळ जोरात फिरवला आणि पाणी थेट अंगावर उडाले. फ्रिजचे दार लावून गुडघा पुढे केला, तोवर दार लागलेही होते. क्षणभर तिला आपलेच स्वयंपाकघर परके वाटले असावे. पदराने तोंड पुसत म्हणाली, ‘‘याची सवय व्हायला वेळ लागेल हो.’’ थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ‘‘खालच्या ट्रॉलीचं एक चाक तेवढं अडकतंय बघा.’’

‘‘ब...’’ मी म्हणालो, आणि तिथेच थांबलो. स्क्रू-ड्रायव्हर आता ओट्याच्या वरच्या खणात असतो.