तान्ह्या पोळ्याआधीचा एक दिवस

सकाळी साडेनऊ
अंगणवाडी उघडली, झाडून घेतली, सतरंजी टाकली. आमचं नाचणगाव पुलगावला अगदी लागून. पोळा परवावर आलाय, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा लाकडी नंद्यांचा तान्हा पोळा, त्यामुळे पोरांच्या तोंडी एकच विषय: कोणाचा नंदी केवढा. मागे सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यातले मोठाले नंदी पाहून आलेला एक जण तर हात पसरून मापच दाखवतोय.

चार वर्षांचा एक मुलगा आजीच्या कडेवर आला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मुठी घट्ट मिटलेल्या, मान अजून पुरती सावरत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती आली. लवकर ओळखायचं, अंगणवाडीत आणि घरात सामावून घ्यायचं, आशाताई आणि बाल स्वास्थ्य पथकामार्फत पुढे पाठवायचं. मला यातलं मधलं काम सगळ्यात मोठं वाटतं, कारण ते रोजचं आहे.

दहा
आजी म्हणाली, "बाई, याचा मामा इचारते, तान्ह्या पोळ्याले याच्यासाठी काय आणू? लायटीवाली, गाणे म्हणणारी गाडी पाहून ठेवली त्यानं."

"थांबा आजी. आधी यालाच विचारू."

कोपऱ्यात उशा लावून त्याला बसवलं. पाठ-मान टेकलेली असली की हात जरा मोकळे होतात. मग एकेक वस्तू. एका वेळी एकच, आणि दिली की गप्प बसायचं; उत्तर यायला वेळ लागतो. नारळाची शेंडी हाताला लागताच त्याने तोंड फिरवलं. स्टीलचं झाकण नुसतंच घसरून गेलं. पिवळा रुमाल उजवीकडे हलवला तर डोळे त्याच्या मागे गेले, डावीकडे नेला तर सुटले. मग लाटणं घेतलं. मुठीच्या पाठीवरून, मनगटाकडून बोटांकडे हळू फिरवलं, तशी बोटं सैल झाली. तेच लाटणं फरशीवर गडगडत सोडलं तेव्हा तो एकदम स्तब्ध झाला, आणि क्षणभराने दोन्ही पाय आपटून हसला. पुन्हा सोडलं, पुन्हा हसला.

लाकूड, घरघर, पिवळा रंग, उजवी बाजू. एवढं कळलं की खेळणं निवडता येतं. खोक्यावर छापलेलं वय पाहून ते कळत नाही आणि आजाराच्या नावावरूनही नाही. एकाच आजाराच्या दोन लेकरांची आवड वेगळी असते. गाणाऱ्या गाडीचं बटण मोठी माणसं दाबतात, लेकरू नुसतं पाहत बसतं. शिवाय याला झटके येऊन गेलेत. लुकलुकणाऱ्या उजेडाने काही मुलांचे झटके चाळवतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसलं काही नको. बटणासारखा चपटा सेल तर सहज निघेल अशा खेळण्यात नकोच. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही पोटात जाऊन फुगतात, आतडं अडवतात.

दीड
आहार वाटून झाला, फोनवर नोंदी भरल्या.

तीन
गृहभेट. साडेतीन वर्षांची मुलगी, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पलंगाखाली जाते. आत्याने हौसेने ढोलकी आणलेली. हौस खरी होती, म्हणून आत्यालाच कामाला लावलं: जाड कापडाची पिशवी, दुहेरी शिलाई, आत कोरडी वाळू. मांडीवर तो भार पडला तशी पोर आत्याला टेकून बसली. गोधडीत घट्ट गुंडाळलेलं तिला आवडतं हे आई सांगतच होती. मांडीवरचा भार तोच. परातीत ज्वारी घालून हात खुपसायलाही दिले, पण जवळ माणूस हवंच, दाणा नाकात जायला वेळ लागत नाही.

साडेपाच
पुलगावच्या बाजारात मामा भेटले.

"बाई, लाकडाचा बैल तं सगळ्याच पोराइपाशी असते."

"म्हणूनच घ्या. त्या दिवशी याच्याकडेही तोच हवा."

कारखान्याच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. सुताराच्या नंदीवर ती शोधून उपयोग नाही, आपला हातच तपासणीस. ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग घासून पाहिला. एकाचा लाल उतरला, तो ठेवून दिला. दुसऱ्याच्या पायाशी खिळा वर आलेला. तिसरा जड, शिंगं बोथट, चाकं फरशीवर चांगली घरघरणारी. त्याच्यावर पिवळी झूल शिवायची. घुंगरू एकच, ओढून निघणार नाही असं. दोरी आखूड, म्हणजे गळ्यात अडकणार नाही, आणि टोकाला चिंध्या गुंडाळून त्याच्या मुठीत भरेल एवढी जाड मूठ. मामांनी गाडीचा बेत सोडला आणि उरलेल्या पैशात झुलीचं कापड घेतलं.

आठ
मंडळाची पोरं चौकात बसली होती. त्यांना सांगितलं, मिरवणूक आमच्या या छोट्या गड्याच्या दारी थांबवा, त्याला गाडीत बसवून मधे घ्या, नंदी त्याच्या उजवीकडून चालवा, आणि बोजाऱ्याचे पैसे त्याच्या हातात द्या, आजीच्या नकोत. मुलीच्या गल्लीत मात्र ताशा बंद. तिच्या दारी नंदी घेऊन दोघांनीच जायचं.

"घुंगरू चालतीन का बाई तिले?" एकाने विचारलं.

"ते तिच्या आईला विचार. उद्या सकाळीच जा."