'गाझी'ला हात लावायचा नाही!

आपल्या गोंडपिपरीच्या कडेने वाहणारी वर्धा पुढे प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच समुद्रात, विशाखापट्टणमसमोर, पाकिस्तानची पाणबुडी 'गाझी' डिसेंबर १९७१पासून पडून आहे. सिनेमा पाहिला असेलच! मग स्कूबा करून बघून यायचं? नाही जमणार. हौशी डायव्हरची मर्यादा ४० मीटर. गाझी सुमारे १०० मीटरवर. तिथे दाब जमिनीवरच्या अकरापट, टाकीतल्या साध्या हवेतला नायट्रोजनच डोकं फिरवतो. नौदलाच्या बचाव पाणबुडीला ती सापडल्याची बातमी २०२४मध्ये आली. पण नौदलाने तिला हात लावला नाही. तिच्यासोबत नव्वदहून अधिक नौसैनिक बुडाले. शत्रूचे असले तरी ती कबरच. डायव्हिंग शिकायचंच असेल, तर आपलं तारकर्ली आहे की!